शाळेच्या ग्रंथालयांत संगणक आणण्यापूर्वीं

(ज्युबिलीनिमित्त अकलूज येथें दिलेलें व्याख्यान)



 माझें सारें आयुष्य शाळेच्या ग्रंथालयांत गेलें. पुस्तकांवरची धूळ झाडणें, फाटलेलीं पानें चिकटविणें आणि मुलांच्या हातीं हवें तें पुस्तक देणें, एवढाच माझा व्यवसाय. तेव्हां वक्तृत्वाची अपेक्षा माझ्याकडून कोणीं करूं नये. परंतु ज्युबिलीच्या वर्षीं वर्गणी गोळा होते, दाते पुढें येतात, आणि मुलांच्या शाळेस कांहींतरी कायमचें द्यावें अशी इच्छा अनेकांच्या मनांत साहजिकच उत्पन्न होते. अशा वेळीं हल्लीं पहिलें नांव निघतें तें संगणकाचें. ग्रंथालयांत संगणक असावा कीं नसावा, हा वाद आतां उरलेला नाहीं. तो असावा हें सर्वांस मान्य आहे. तो कसा आणावा आणि आणण्यापूर्वीं काय करावें, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. तोच आज आपण करूं.

अकलूजच्या लोकांस हा विचार नवा वाटूं नये. दिवाळीच्या सुमारास येथें घोड्यांचा बाजार भरतो. घोडा घेणारा शहाणा मनुष्य घोड्याचे दांत पाहतो, चाल पाहतो. पण त्याहीपूर्वीं घरीं तबेला आहे काय, वैरण कोठून येणार आणि खरारा कोण करणार, याचा हिशेब करूनच तो घराबाहेर पडलेला असतो. किंमत एकदांच द्यावी लागते, वैरण मात्र रोज लागते. संगणकाचेंही तसेंच आहे. उद्घाटनाची फीत कापावयास पुष्कळ हात पुढें येतात. तीन वर्षांनीं निकामी झालेली बॅटरी बदलून देणारा हात शोधूनही सांपडत नाहीं.

माझ्या नोकरीच्या काळांत घडलेली एक गोष्ट सांगतों. शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण दोष मुख्यतः माझाच होता. एका उदार गृहस्थांनीं आमच्या ग्रंथालयास संगणक दिला. आम्ही हर्षभरित झालों. सर्व पुस्तकांची यादी मीं त्या यंत्रांत उतरविण्यास आरंभ केला, आणि तें काम तीन वर्षें चाललें. यंत्रांत नोंद होते म्हणून दाखल-नोंदवही लिहिण्याचें मीं बंद केलें, ही पहिली चूक. यादी ज्या मराठी टंकांत लिहिली तो टंक केवळ त्या एका यंत्रावर होता, ही दुसरी. पुढें एका उन्हाळ्यांत यंत्र बंद पडलें. कारागिरानें यादी कशीबशी बाहेर काढली, परंतु दुसऱ्या यंत्रावर ती उघडतांच मराठी नांवांच्या जागीं इंग्रजी अक्षरें आणि चिन्हें यांची खिचडी दिसूं लागली. टंक विकणाऱ्याचा पत्ता लागेना. तीन वर्षांचे श्रम डोळ्यांदेखत निरर्थक झाले.

नुसते श्रम वायां गेले असते तर मीं ही गोष्ट येथें सांगितली नसती. त्याच वर्षीं हिवाळ्यांत आठवीच्या वर्गांतील एक मुलगी ताऱ्यांविषयींचें पुस्तक मागावयास आली. तिचे आईबाप ऊसतोडणीच्या हंगामासाठीं या बाजूस आलेले होते. मीं तिला सांगितलें, "यादी सध्यां मिळत नाहीं, पुढच्या आठवड्यांत ये." ती पुढच्या आठवड्यांत आली, त्यापुढच्याही आठवड्यांत आली. चौथ्या आठवड्यांत ती आली नाहीं. वार्षिक मोजणीच्या वेळीं तें पुस्तक भूगोलाच्या कपाटांत मागल्या रांगेंत सांपडलें. तोंवर हंगाम संपून तें कुटुंब आपल्या गांवीं परत गेलें होतें. पुस्तक होतें, वाचणारी होती, आणि मधला मनुष्य मी होतों. तरी दोघांची भेट झाली नाहीं. त्या दिवसापासून मीं ठरविलें कीं, ग्रंथालयाच्या कोणत्याही योजनेस हाच एक प्रश्न विचारावयाचा : तीन महिन्यांसाठीं आलेल्या मुलीच्या हातीं ती असेपर्यंत पुस्तक पडेल काय?

ग्रंथालयशास्त्राचे आपल्या देशांतील आद्य आचार्य डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयाचे पांच नियम प्रसिद्ध केले. वाचकाचा वेळ वांचविणें हा त्यांपैकीं एक आहे. माझ्यासारख्यास हा नियम पाठ होता; परंतु त्याचा अर्थ त्या मुलीनें शिकविला.

आतां योजनेकडे वळूं. पहिलें पाऊल यंत्राचें नव्हे, मोजणीचें. कपाटें उघडा, प्रत्येक पुस्तक हातीं घ्या, दाखल-नोंदवहीशीं ताडून पाहा. वाळवीनें खाल्लेलीं, कालबाह्य झालेलीं पुस्तकें नियमानें वेगळीं काढा. उरलेल्यांचें विषयवार वर्गीकरण करा. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालानें १८७६ सालीं काढलेली दशांश पद्धति लहान शाळेसही पुरते. ज्या ग्रंथालयाचीं कपाटें अव्यवस्थित, त्याची यादी यंत्रांत घातल्यानें व्यवस्थित होत नाहीं. अव्यवस्था फक्त अधिक वेगानें दिसूं लागते.

दुसरें पाऊल नोंदीचें, आणि येथें घाई करूं नये. एखाद्या मुलानें "टिळकांचें पुस्तक" मागितलें, तर त्याला लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हवे आहेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक हवे आहेत, कीं 'स्मृतिचित्रें' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक हव्या आहेत? 'श्यामची आई' मागणारें मूल लेखकाचें नांव साने गुरुजी असें सांगतें. नोंदींत कदाचित् 'साने, पांडुरंग सदाशिव' असें असेल. आपल्या फादर स्टीफन्सचेंच पाहा. त्यांचें नांव कोणी स्टिफन लिहितो, कोणी स्टीफन्स. ग्रंथाचें नांव कोणी ख्रिस्तपुराण लिहितो, कोणी क्रिस्तपुराण. यंत्र बिचारें अक्षराचें दास. मनुष्यानें दोन्ही नांवें एकमेकांशीं जोडून दिलीं नाहींत, तर पुस्तक समोर असून यंत्र "नाहीं" म्हणून सांगेल.

या कामास किती वेळ लागेल, याचाही अंदाज आधीं करावा. समजा, शाळेंत तीन हजार पुस्तकें आहेत आणि सराव झालेला मनुष्य तासास पंधरा नोंदी नीट करतो. म्हणजे दोनशें तास झाले. रोज दोन तास दिले तर शंभर दिवस, अर्थात् शाळेच्या वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग. हे तास कोणाचे, हें ठरल्यावांचून यंत्राची किंमत विचारूं नये.

तिसरी गोष्ट लिपीची. पूर्वीं मराठी टंक बनविणारा प्रत्येक जण अक्षरांस आपल्या मनाचे क्रमांक देत असे. त्यामुळें एका टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकांत वाचतां येत नसे. माझी यादी याच कारणानें बुडाली. पुढें जगांतील लिप्यांसाठीं युनिकोड नांवाची एकच क्रमांकपद्धति ठरली. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान मिळालें. आज युनिकोडमध्यें लिहिलेली यादी कोणत्याही नव्या यंत्रावर, किंबहुना खिशांतल्या मोबाइलवरही, जशीच्या तशी वाचतां येते. म्हणून विक्रेत्यास पहिलाच प्रश्न असा करावा : "सर्व नोंदी युनिकोडमध्यें राहतील काय? आणि उद्यां आम्ही तुमच्याशीं संबंध तोडला, तर आमची यादी सर्वमान्य नमुन्यांत आमच्या हातीं पडेल काय?" ग्रंथालयांच्या नोंदींसाठीं 'मार्क' नांवाचा असा नमुना जगभर रूढ आहे. या दोन प्रश्नांस सरळ उत्तर न देणाऱ्याकडून, त्यानें फुकट दिली तरी, आज्ञावली घेऊं नये.

फुकट मिळणारी चांगली वस्तु नसतेच असें मात्र नाहीं. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी संगणकव्यवस्था २००० हें वर्ष उजाडतांच निरुपयोगी होणार अशी भीति होती. त्यांनीं नवी आज्ञावली तयार करून घेतली, तिला 'कोहा' असें नांव दिलें, आणि ती सर्व जगास खुली केली. माओरी भाषेंत 'कोहा' म्हणजे भेट, देणगी. २००० सालच्या जानेवारींत ती तेथें सुरू झाली. आज आपल्या देशांतही अनेक ग्रंथालयें ती वापरतात. आपल्याकडे सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरनें केलेली 'ई-ग्रंथालय' ही आज्ञावलीही आहे. परंतु आज्ञावली फुकट असली तरी ती चालविणाऱ्याचें शिक्षण आणि तिची देखभाल फुकट नसते, हें विसरूं नये.

चौथी गोष्ट प्रतींची, आणि हिचा धडा आपल्याच इतिहासांत आहे. १५५६ सालीं गोव्यास पहिला छापखाना उतरला. तो जात होता ॲबिसिनियास. योगायोगानें गोव्यांतच राहिला. पुढें १६१६ सालीं फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण रायतूर येथें छापून निघालें. भाषा मराठी, पण अक्षरें रोमन. कारण देवनागरी खिळे तेथें तयार झाले नव्हते. नवें यंत्र आपल्या लिपीस तयार नसलें म्हणजे काय अडचण होते, हें आपल्या पूर्वजांनीं चारशें वर्षांपूर्वींच अनुभविलें. या पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या त्याच शतकांत निघाल्या. परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध असल्याचें माहीत नाहीं. मग ग्रंथ आपल्या हातीं आला कसा? भाविकांनीं हातानें उतरून ठेवलेल्या नकला घरोघरीं जपल्या गेल्या होत्या, त्यांवरून. १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्डान्हा यांनीं अशाच हस्तलिखितांच्या आधारें तो पुन्हां प्रसिद्ध केला. यंत्रानें केलेल्या प्रती नष्ट झाल्या. अनेक ठिकाणीं जपलेल्या प्रती टिकल्या.

म्हणून ग्रंथालयाच्या यादीच्या निदान तीन प्रती असाव्या : एक यंत्रांत, दुसरी शाळेंतच वेगळ्या साधनावर कुलपांत, तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर. दर शनिवारीं नवी प्रत घ्यावी, आणि वर्षांतून दोनदां ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. आणि दाखल-नोंदवही? ती शाईनें लिहिणें चालूच ठेवावें. तिला वीज लागत नाहीं.

विजेचा विषय निघाला म्हणून सांगतों. आपल्याकडचा उन्हाळा, उडणारी धूळ आणि वेळीं-अवेळीं जाणारी वीज हीं यंत्राचीं तीन दुखणीं. यंत्राबरोबरच बॅटरीची व्यवस्था, भिंतींतील तारांचें चांगलें अर्थिंग, आणि खिडकीपासून दूर अशी जागा, यांचा खर्च प्रथमच धरावा. आरंभीं दोन यंत्रें पुरेत : एक ग्रंथपालासाठीं, दुसरें मुलांना स्वतः शोध घेतां यावा म्हणून. दहा यंत्रें घेऊन आठ झांकून ठेवण्यापेक्षां दोन घेऊन दोन्ही राबविणें बरें. पैशाचा नियम मी असा सांगेन : शंभर रुपये जमले, तर साठ आज खर्च करा आणि चाळीस पुढच्या चार वर्षांच्या देखभालीसाठीं बँकेंत वेगळे ठेवा. चाळीस ठेवण्याची तयारी नसेल, तर साठाचीही वस्तु घेऊं नका. त्या रकमेचीं पुस्तकें घ्या.

पांचवी गोष्ट मनुष्याची, आणि माझ्या मतें ती सर्वांत मोठी. माळशिरस तालुक्याच्या शेतकऱ्यास नीरा उजव्या कालव्याचें महत्त्व मीं सांगावें असें नाहीं. धरण कितीही भरलेलें असो, पाणी उसाच्या सरींत पोंचतें तें चारीनें आणि पाटकऱ्याच्या हातानें. पाटकरी नसेल, तर धरण तुडुंब भरलेलें असूनही शेवटचें रान कोरडें राहतें. ग्रंथपाल हा ज्ञानाचा पाटकरी होय. पुष्कळ शाळांत हें काम एखाद्या शिक्षकाकडे त्याच्या तासांव्यतिरिक्त सोंपविलेलें असतें. कांहीं ठिकाणीं किल्ली शिपायाकडे असते. अशा ठिकाणीं संगणक देणें म्हणजे पाटकरी न नेमतां धरण बांधणें होय. तेव्हां जो कोणी हें काम पाहील त्याचे तास ठरवून द्या, त्यास शिकवा, आणि त्याच्याबरोबर आणखी एकास शिकवा. कारण बदली आणि निवृत्ति कोणास चुकली आहे? वरच्या वर्गांतील मुलामुलींनाही हाताशीं घ्या. नोंदी तपासण्याचें काम तीं आनंदानें करतात, आणि पुस्तकांशीं त्यांची ओळख आयती होते.

एक इशाराही दिला पाहिजे. कोणत्या मुलानें कोणतें पुस्तक नेलें, ही माहिती यंत्रांत साठते. ती त्या मुलाची खाजगी गोष्ट आहे. भिंतीवर लावण्याची किंवा परक्या कंपनीस देण्याची नव्हे. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीसंरक्षणाच्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं आईबापांच्या संमतीची अट आहे. तसेंच इंटरनेट असलेलें यंत्र कोपऱ्यांत न ठेवतां, त्याचा पडदा ग्रंथपालास दिसेल असा ठेवावा. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. वाट चुकल्यास विचारावयास मोठें माणूस जवळ असावें म्हणून.

कोणी म्हणेल, "हें सर्व मोठ्या शहरांतल्या शाळांना शक्य, आम्हां खेड्यांतल्यांना काय?" त्यास मी आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण देतों. शेजारच्या माढा तालुक्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ सालीं रुजू झाले. तेव्हां शाळेची इमारत मोडकळीस आलेली, एका बाजूस गोठा. मुलांना पाठ्यपुस्तकांतील धडा ऐकतां-पाहतां यावा म्हणून त्यांनीं पुस्तकांवर चौकोनी क्यूआर कोड छापून चिकटविले. मोबाइल धरला कीं कविता ऐकूं येई, धड्याचें चलच्चित्र दिसे. पुढें महाराष्ट्र शासनानें ही कल्पना पाठ्यपुस्तकांसाठीं स्वीकारली. २०२० च्या डिसेंबरांत डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरांच्या त्या पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिला. यांत आपण घ्यावयाचा धडा पारितोषिकाचा नव्हे. त्यांनीं आरंभ यंत्रापासून न करतां मुलाच्या अडचणीपासून केला; आणि जें साधन घरीं होतें, तेंच कामास लावलें. आपणही कपाटाच्या दारावर तशीच एक खूण चिकटवून आंतील पुस्तकांची यादी मोबाइलवर दाखवूं शकतों.

यादी पुरी झाली म्हणजे मग बाहेरचें भांडार उघडावें. वाईहून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज संगणकावर विनामूल्य वाचतां येतो. खरगपूरच्या आय. आय. टी.नें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ सालीं देशास अर्पण झालें. इंटरनेट नसेल तेथें 'किविक्स' या मोफत साधनानें विकिपीडिया यंत्रांतच साठवून ठेवतां येतो. परंतु एक भांडार असें आहे कीं, तें आपल्यावांचून कोणी उघडणार नाहीं. १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग यांनीं अहमदनगर जिल्ह्यांतील केंदळ येथें 'निरोप्या' मासिक सुरू केलें. त्याचे जुने अंक, जुनीं प्रार्थनापुस्तकें, आजोबांच्या वह्या आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं ट्रंकेंत असतील. तीं शाळेस द्यावींच असें माझें म्हणणें नाहीं. एक दिवस आणावीं, वरून प्रकाशचित्र घेऊं द्यावें, आणि परत न्यावीं. शिवण तुटेल इतकें पुस्तक पसरूं नये, एवढी काळजी पुरे.

सारांश, पहिल्या वर्षीं मोजणी, वर्गीकरण आणि मनुष्याची नेमणूक; दुसऱ्या वर्षीं दोन यंत्रें आणि नोंदी; तिसऱ्या वर्षीं मुलांचा स्वतःचा शोध आणि बाहेरचें भांडार. उद्घाटनाचा समारंभ तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस करावा, आणि त्या दिवशीं फीत कापण्याऐवजीं एखाद्या नव्यानें दाखल झालेल्या मुलास पुढें बोलावून विचारावें, "बाळ, तुला कोणतें पुस्तक पाहिजे?" तें पुस्तक त्याच्या हातीं पांच मिनिटांत पडलें, तर आपली योजना सफल झाली असें समजावें.

ऊसतोडणीचा हंगाम दर वर्षीं येतो. त्याबरोबर मुलें येतात, आणि तीं फार दिवस थांबत नाहींत. त्यांच्यापैकीं कोणीही चौथ्या आठवड्यापर्यंत वाट पाहत राहूं नये, एवढीच माझी इच्छा आहे.